नळ बदलण्याआधी पाणी मोजा: कमी पाण्यात चालणारं बाथरूम कसं उभं करावं

बाथरूम नवीन करायला घेतलं की आधी टाइल ठरते, मग बेसिन, मग त्याला शोभेलसा नळ. पाण्याच्या दाबाचा विषय निघतो तो प्लंबर पैसे घेऊन गेल्यावर. तोवर धार एकतर आरशापर्यंत उडत असते, नाहीतर हाताचा साबण जायलाही वेळ लागत असतो.

पाणी वाचवणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या नळाचं सगळं गणित दोन गोष्टींवर उभं आहे: तुमच्या मजल्यावर पाणी किती जोराने येतं, आणि त्या नळाखाली तुम्ही हात धरता की बादली. या दोन्ही गोष्टी ठाऊक नसताना घेतलेला महागडा नळ पाणी वाचवेलच असं नाही. आणि ठाऊक असतील तर बऱ्याचदा नवा नळ घ्यावाच लागत नाही.

पुढे जे लिहिलं आहे ते मुख्यतः आपल्याकडच्या नेहमीच्या रचनेसाठी आहे: गच्चीवर टाकी, तिच्यावर चालणारे फ्लॅट, गरम पाण्याला सौर बंब, गॅस किंवा विजेचा गिझर, आणि उन्हाळ्यात बोअरवेल नाहीतर टँकर.

पायरी १: लिटरचं माप आणि मोबाइल

एक लिटरचं माप घ्या. मोबाइलवर सेकंद लावा आणि नळ पूर्ण उघडून माप भरा. साठला लागलेल्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते कळतं. माप पाच सेकंदांत भरलं तर मिनिटाला १२ लिटर, दहा सेकंदांत भरलं तर ६, पंधरात भरलं तर ४. शॉवरसाठी बादली धरा, बरोबर दहा सेकंद पाणी घ्या, ते मापाने मोजा आणि सहाने गुणा.

हे दोनदा करा. एकदा टाकी नुकतीच भरलेली असताना आणि एकदा सकाळी सगळी इमारत आंघोळीला लागलेली असताना. दोन आकड्यांत बराच फरक पडला, तर दोष तुमच्या नळाचा नाही. खाली येणाऱ्या पाइपाचा व्यास अपुरा आहे किंवा पाइप आतून क्षाराने चोंदला आहे. अशा ठिकाणी नवीन नळाने काही बदलत नाही.

प्रत्येक नळाचा आकडा बेसिनखालच्या कपाटाच्या दारावर आतून पेन्सिलने लिहून ठेवा. वर्षभराने उपयोगी पडतो.

पायरी २: आपला दाब काढा

टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून तुमच्या नळापर्यंतचं उभं अंतर मीटरमध्ये धरा आणि दहाने भागा. साधारण तेवढे बार दाब. प्लंबर यालाच ‘किलो’ म्हणतात. एक किलो म्हणजे जवळजवळ एक बार. पाण्याने आडवा किती प्रवास केला याने घर्षण थोडं वाढतं, पण दाब ठरतो तो उंचीवरच.

टाकीच्या थेट खालच्या मजल्यावर, गच्चीवरचा चौथरा आणि टाकीची उंची धरून, हे अंतर पाच मीटरच्या आसपास भरतं. म्हणजे अर्धा बार. तिथून आठ मजले खाली उतरा, मजल्याला तीन मीटर धरा, म्हणजे अंतर झालं २९ मीटर आणि दाब जवळपास तीन बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दाब सहापट झाला तरी पाणी सहापट येत नाही, अडीच पटीच्या जवळपास येतं. तरी अडीच पट हा मोठा फरक आहे. एकाच बिल्डरने एकाच मॉडेलचे नळ बसवलेले असतात, आणि वरचे म्हणतात पाणी येत नाही, खालचे म्हणतात शिंतोडे उडतात. दोघंही खरं बोलत असतात.

खरेदीत हेच आडवं येतं. कॅटलॉगमध्ये ‘मिनिटाला ६ लिटर’ असं छापलेलं असतं तेव्हा तो आकडा बहुधा ३ बार दाबाचा असतो. तोच नळ अर्ध्या बारवर लावला तर हिशेबाने अडीच लिटरच्या आसपास पाणी देईल. म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने चांगल्या भावनेने घेतलेला कमी पाण्याचा नळ त्याला रोज वैताग आणेल, आणि महिन्याभरात त्याच्या तोंडाशी बसवलेली, पाणी आवरणारी जाळी काढून फेकली जाईल. युरोपातल्या कंपन्यांचे देखणे नळ तिथल्या दाबासाठी बनलेले असतात. ते घ्यायचे असतील तर माहितीपत्रकात ‘किमान दाब’ ही ओळ आधी शोधा.

घरात प्रेशर पंप बसवला असेल तर गणित उलटतं. तुम्ही दीड-दोन बार विकत घेतले आहेत, आता प्रत्येक नळ पूर्वीपेक्षा जास्त पाणी सोडेल. पंप बसवला की प्रवाह आवरणाऱ्या जाळ्या बसवायलाच हव्यात.

पायरी ३: वाहतं कुठे, भरतं कुठे

वीस लिटरची बादली भरायला वीस लिटरच लागतात. नळ मिनिटाला १२ लिटरचा असो की ४ लिटरचा, बादलीला काही फरक पडत नाही. फक्त थांबणाऱ्याचा वेळ जातो. आपल्याकडे बाथरूममधला एक नळ, म्हणजे वॉल मिक्सरची (भिंतीवरच्या गरम-थंड एकत्र करणाऱ्या नळाची) खालची तोटी किंवा बिब कॉक, म्हणजे भिंतीतला स्वतंत्र साधा नळ, बादलीसाठीच असतो. त्याला पाणी वाचवणारी जाळी लावू नका. परदेशी सल्ले जसेच्या तसे उचलणाऱ्या लेखांत ही गोष्ट सुटते, कारण तिथे बादली नसते.

बचत होते ती हात, तोंड, दात, दाढी आणि शॉवर इथे; म्हणजे जिथे आपण वेळेने पाणी वापरतो, मापाने नाही. बेसिनचा नळ मिनिटाला १२ लिटर देत असेल आणि घरातल्या चार माणसांचा मिळून दिवसाला दहा मिनिटं उघडा राहत असेल, तर १२० लिटर जातात. तोच ४ लिटरवर आणला की ४०. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत शहरी घरांसाठी माणशी रोजचे १३५ लिटर धरलेले आहेत. त्याशेजारी हे ८० लिटर ठेवून पाहा. एका माणसाच्या वाट्याचं अर्ध्याहून जास्त पाणी आहे ते.

माझ्या मते दीड ते तीन बार दाबाच्या घरात हे आकडे बरे पडतात: बेसिनला ३ ते ५ लिटर, शॉवरला ६ ते ८, जेट स्प्रेला ४ ते ५, आणि बादलीच्या तोटीला जेवढं येईल तेवढं. वॉशिंग मशीनच्या नळाला हात लावू नका, ते आपलं मोजून घेतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना पाणी कमी वापरणाऱ्या वस्तूंवरचं ‘वॉटरसेन्स’चं चिन्ह ओळखीचं असेल. ते मिळवायला तिथल्या पर्यावरण संस्थेने बेसिनच्या नळाला मिनिटाला १.५ गॅलनची, म्हणजे ५.७ लिटरची कमाल मर्यादा घातली आहे. त्याहून शहाणपणाचं म्हणजे त्यांनी किमान मर्यादाही घातली: दाब उतरून २० पीएसआय, म्हणजे १.४ बारच्या आसपास आला तरी नळाने निदान ०.८ गॅलन, म्हणजे ३ लिटर दिलेच पाहिजेत. नको तितकं कमी पाणी देणारा नळ माणसं काढून टाकतात, हे त्यांनी धरूनच ठेवलं आहे.

आणि हे सगळं करताना एक भान ठेवा. जुना दहा-बारा लिटरचा फ्लश घरात असेल तर आधी तो बदला. ६ आणि ३ लिटरचा दुहेरी फ्लश बेसिनच्या कोणत्याही जाळीपेक्षा जास्त पाणी वाचवतो.

पायरी ४: आधी जाळी बदलून पाहा

नळाच्या तोंडाशी जो छोटा गोल भाग आटे फिरवून बसवलेला असतो तो एरेटर. हार्डवेअरच्या दुकानात ‘फोम फ्लो’ किंवा नुसतं ‘जाळी’ म्हटलं तरी कळतं. तो पाण्यात हवा मिसळतो, त्यामुळे धार जाड आणि मऊ वाटते आणि पाणी कमी लागतं.

जाळ्या तीन तऱ्हेच्या असतात. हवा मिसळणारी, फेसाळ धार देणारी. हवा न मिसळता काचेसारखी सरळ धार देणारी. रुग्णालयांत ही लावतात, कारण खोलीतली हवा पाण्यात ओढली जात नाही. आणि बारीक फवारा करणारी. हवा ओढायला दाब लागतो, म्हणून टाकीखालच्या दोन मजल्यांवर फेसाळ जाळी अनेकदा नीट चालत नाही. तिथे फवारा घ्या. तेवढ्याच पाण्यात हात जास्त भिजतो.

खरा फरक जाळीच्या आत असतो. स्वस्त जाळीत नुसतं एक लहान भोक असतं. दाब वाढला की पाणी वाढतं, कमी झाला की धार मरते. चांगल्या जाळीत रबराची बारीक रिंग असते. दाब वाढला की ती दबून पसरते आणि पाण्याची वाट अरुंद करते, दाब उतरला की मागे सरते आणि वाट मोकळी होते. त्यामुळे दाब बदलला तरी प्रवाह साधारण तोच राहतो. स्वित्झर्लंडच्या निओपर्ल कंपनीचा हाच धंदा आहे, आणि नळ बनवणाऱ्या अनेक कंपन्या त्यांच्याकडूनच हा भाग घेतात. दुकानदाराला ‘दाब कमी-जास्त झाला तरी पाणी तेवढंच देणारी’ असं सांगून मागा आणि किती लिटरची हे पाकिटावर किंवा जाळीवर छापलेलं पाहा. काहीच छापलेलं नसेल तर ती साधी जाळी समजा. अशा रिंगेलाही एक बारच्या आसपास दाब लागतो. त्याखाली तीही साध्या भोकासारखीच वागते.

बदलायची कशी? बेसिनचं भोक आधी कापडाने बंद करा, नाहीतर वायसर थेट ड्रेनेजमध्ये जाईल. खालून नळाकडे बघत जाळी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. हाताने निघाली नाही तर कापड गुंडाळून पाना लावा. नुसता पाना लावला तर क्रोमवर कायमचे ओरखडे येतात. क्षाराने घट्ट बसली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती नळाच्या तोंडाला तासभर बांधून ठेवा, मग प्रयत्न करा.

जुनी जाळी खिशात घालून दुकानात जा. बाहेरून आटे असलेली सर्रास २४ मिलिमीटरची असते, आतून आटे असलेली २२ ची. नव्या सडपातळ नळांत जाळी तोटीच्या आत लपवलेली असते आणि ती काढायला दातेरी प्लास्टिकची चावी लागते. ती चावी नळाच्या खोक्यात येते आणि प्लंबरच्या हातून खोक्यासकट कचऱ्यात जाते. नळ बसवताना ती मागून घ्या.

नवीन जाळी लावण्याआधी नळ अर्धा मिनिट मोकळा सोडा, म्हणजे पाइपातली वाळू आणि जोडांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉनच्या पट्टीचे तुकडे निघून जातील. वायसर वरच्या बाजूला येईल असा बसवा. जाळीच्या आट्यांना टेफ्लॉन गुंडाळायची गरज नसते, गळती वायसर थांबवतो. हाताने घट्ट करा, तेवढं पुरतं. मग पुन्हा लिटरचं माप घ्या आणि नवा आकडा जुन्याशेजारी लिहा.

काही प्लंबर जाळीऐवजी बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद करायची छोटी तोटी, अर्धी बंद करून देतात. फुकटात काम होतं आणि तात्पुरतं म्हणून ठीकही आहे. पण चकतीचा नवा अँगल कॉक अर्धवट उघडा ठेवण्यासाठी बनलेला नसतो. तो शिट्टी वाजवतो, कडेला क्षार धरतो आणि दोन वर्षांनी पूर्ण बंद होत नाही. मिक्सरच्या दोन कॉकांपैकी एकच दाबला तर गरम-थंडाचा तोलही जातो.

पायरी ५: नवीन नळच घ्यायचा असेल तर

हातात घेऊन वजन पाहा. पितळी नळ जड असतो. जस्ताच्या मिश्रधातूचा नळ वरून तसाच चकचकीत दिसतो, पण हलका भरतो आणि क्षारयुक्त पाण्यात आटे लवकर कुजतात. मोठ्या शोरूममध्येही लिव्हर पितळी आहे की नाही हे वेगळं विचारावं लागतं. पीटीएमटीचे प्लास्टिक नळ दिसायला साधे, पण भाड्याच्या घरात किंवा अति क्षाराच्या बोअरच्या पाण्यावर मी त्यांना नावं ठेवणार नाही. गंजण्यासारखं त्यांत काही नसतं.

आत काय आहे ते विचारा. जुन्या नळात स्पिंडल आणि रबरी वायसर असे. वायसर झिजला की ठिबकायला लागे आणि दहा रुपयांत काम होई. नव्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, पाव फेऱ्यात नळ पूर्ण उघडतो. टिकतात त्या खूप, पण वाळूच्या कणाने ओरखडा पडला की अख्खं कार्ट्रिजच, म्हणजे चकत्या बसवलेला आतला भाग, बदलावं लागतं. म्हणून ज्या कंपनीचं कार्ट्रिज तुमच्या गावात मिळतं तिचाच नळ घ्या. सिंगल लिव्हरमध्ये, म्हणजे एकाच दांड्याने गरम-थंड चालणाऱ्या नळात, ३५ किंवा ४० मिलिमीटरचं कार्ट्रिज सहज मिळतं. अगदी बारीक, काडीसारख्या नळांतलं २५ चं मिळवताना फिरावं लागतं.

सिंगल लिव्हरमध्ये दोन सोयी शोधा. पहिली, लिव्हर उचलताना अर्ध्यावर हलका अडथळा लागतो. तिथवर कमी पाणी, जास्त हवं असेल तर जोर लावून पुढे. कामं बहुतेक त्या अडथळ्याआधीच उरकतात. दुसरी, लिव्हर मधोमध असताना फक्त थंड पाणी येणं. साध्या मिक्सरचा लिव्हर मध्यावर असला की अर्धं गरम पाणी ओढलं जातं. आपण हात धुऊन मोकळे होतो, गरम पाणी पाइपातच राहून निवतं, आणि गॅस गिझर असेल तर तेवढ्यापुरता पेटून गॅस जाळतो. ही सोय असलेले नळ थोडे महाग असतात. गॅस गिझर असलेल्या घरात ते पैसे मी बिनदिक्कत मोजेन. बेसिनला गरम पाण्याची लाइनच नसेल तर अर्थातच फक्त थंड पाण्याचा साधा नळ, पिलर कॉक, बस झाला.

आता दिसण्याकडे. टेबलावर ठेवलेल्या वाटीसारख्या बेसिनला उंच नळ लागतो, आणि धार जितकी उंचावरून पडेल तितके शिंतोडे जास्त. तोटीचं तोंड आणि बेसिनचा काठ यांत हात आरामात फिरेल एवढं, दहा-बारा सेंटिमीटर अंतर पुरे. धार भोकाच्या थोडी अलीकडे, उतारावर पडावी. थेट भोकावर पडली तर उडते. तोटी आखूड असली की हात बेसिनच्या मागच्या भिंतीला घासतात आणि माणूस पाणी जोरात सोडतो. धबधब्यासारखी रुंद पट्टीतून पाणी सोडणारे नळ जाहिरातीत सुंदर दिसतात, पण त्यांतल्या बहुतेकांना जाळी बसत नाही आणि कमी पाण्यावर त्यांचा पडदा तुटतो. पाणी वाचवायचं असेल तर ते सोडा. काळे मॅट नळ घ्यायचे तर घ्या, फक्त क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग त्यांवर ठळक उठतात आणि ते खरवडता येत नाहीत.

खोक्यावर आयएसआयचं चिन्ह पाहा. भारतीय मानक ब्यूरोने २०२१ मध्ये पाणी कमी वापरणाऱ्या प्लंबिंगच्या वस्तूंसाठी आयएस १७६५० हे मानक काढलं. त्याचा दुसरा भाग नळ-शॉवरसारख्या फिटिंगसाठी आहे आणि त्यात ताऱ्यांची श्रेणी आहे, जास्त तारे म्हणजे कमी पाणी. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाचा ‘भारत टॅप’ हा कमी प्रवाहाच्या नळांचा उपक्रम २०२२ चा. तारे पाहून घ्याच, पण दुसऱ्या पायरीतला तुमचा दाब विसरू नका.

सेन्सरचे नळ घरी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरी संपते, झडपेला किमान दाब लागतो आणि लोडशेडिंगच्या गावात विजेवरचा सेन्सर म्हणजे दुखणंच. शाळा, कार्यालयं, मंगल कार्यालयं इथे मात्र दाबला की ठरावीक वेळ चालून आपोआप बंद होणारा नळ उत्तम. वीज लागत नाही आणि कोणी उघडा टाकून जाऊ शकत नाही.

पायरी ६: शॉवर आणि गरम पाणी

बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्याला एक बादली, म्हणजे अठरा-वीस लिटर पुरतात. शॉवरवाल्याने मिनिटाला १० लिटरच्या शॉवरखाली सहा मिनिटं काढली की ६० लिटर झाले. ६ लिटरचा शॉवर असता तर ३६. या २४ लिटरच्या फरकात पाण्याबरोबर वीजही आहे. तेवढं पाणी वीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या थोडं वर वीज लागते, दर माणशी, दर आंघोळीला. आणखी एक: १५ लिटरच्या विजेच्या गिझरमध्ये पाणी ६० अंशांवर आणि थंड पाणी २० अंशांवर असेल तर अंगावर घेण्याजोगं ४० अंशांचं पाणी तीसेक लिटर मिळतं. दहाच्या शॉवरला ते तीन मिनिटांत संपतं, सहाच्याला पाच मिनिटं पुरतं. ‘गिझर लहान पडतो’ ही तक्रार कित्येकदा गिझरची नसून शॉवरची असते.

गॅस गिझर असेल तर थांबा. त्याचा बर्नर पाण्याच्या प्रवाहावर पेटतो, आणि प्रवाह मिनिटाला साधारण अडीच-तीन लिटरच्या खाली गेला तर विझतो. नेमका आकडा गिझरच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो. ६ लिटरचा शॉवर लावला म्हणजे ते सगळे ६ लिटर गिझरमधून जात नाहीत, काही थंडाचे असतात. हिवाळ्यात गरमाचा वाटा निम्म्याहून जास्त असतो, तेव्हा गिझर कसाबसा चालू राहतो. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच कोमट येतं, गरमाचा वाटा तिसऱ्या हिश्श्यावर उतरतो, आणि अंगाला साबण लावलेला असताना गिझर बंद पडतो. उपाय सोपा आहे: गिझरची ज्योत उन्हाळ्याच्या खुणेवर आणा, म्हणजे त्यातून येणारं पाणीच अंगावर घेण्याइतकं राहील, आणि थंड न मिसळता फक्त गरम बाजू उघडा. सगळा प्रवाह गिझरमधून जाईल. अशा घरात ७-८ लिटरचा शॉवर घ्या, ६ चा हट्ट नको. आणि हा गिझर बंद बाथरूमच्या आत कधीही नसावा. कार्बन मोनॉक्साइडने दरवर्षी माणसं जातात. तो बाहेर, उघड्या हवेत बसवा.

सौर बंबाचं दुखणं वेगळं. गच्चीपासून खाली तुमच्या नळापर्यंत पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी साठलेलं असतं. वीस मीटरचा पाइप म्हणजे पाच लिटर थंड पाणी आधी वाहून जाणार, प्रत्येक वेळी. कोणताही नळ हे पाणी वाचवू शकत नाही. बादली लावून ते धरा, किंवा नूतनीकरण करताना गरमाच्या पाइपावर उष्णतारोधक आवरण चढवून घ्या, म्हणजे सकाळच्या दुसऱ्या-तिसऱ्या आंघोळीला तरी पाणी लगेच गरम येईल.

पायरी ७: भिंत फोडली आहे तोवर

भिंतीत दडणारा डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे की तोटीकडे वळवणारा) किंवा कन्सील्ड मिक्सर घेतला असेल तर त्याची खोली टाइलच्या तयार पृष्ठभागापासून मोजली जाते, विटेपासून नाही. प्लॅस्टर आणि टाइल यांची जाडी मिस्त्रीकडून आधी घ्या. आत फार गेला तर एक्स्टेंशन लावून वेळ मारून नेता येते. बाहेर राहिला तर वरून झाकणारी चकती, फ्लँज, भिंतीला टेकतच नाही. वॉल मिक्सरच्या दोन टोकांतलं अंतर १५० मिलिमीटर, गरम डावीकडे, थंड उजवीकडे.

टाइल लावण्याआधी पाइपांची दाबचाचणी करून घ्या. हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब चढवायचा, काही तास ठेवायचा आणि काटा उतरतो का ते स्वतः बघायचं. ‘केली होती साहेब’ यावर विश्वास ठेवू नका.

गरमाच्या आणि थंडाच्या ओळींत दाब वेगळा असेल, उदाहरणार्थ गरम सौर बंबातून आणि थंड पंपातून, तर मिक्सरमधून जास्त दाबाचं पाणी कमी दाबाच्या पाइपात शिरतं. मग थंडाच्या नळाला कोमट पाणी येतं, किंवा सौर टाकीचं गरम पाणी थंड होतं. दोन्ही ओळींना पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. जेट स्प्रेची जोडणी मिक्सरवरून घेऊ नका, त्याला स्वतःचा अँगल कॉक द्या आणि वापरून झाल्यावर तो बंद करायची सवय लावा. सतत दाबाखाली राहिलेली नळी एक दिवस फुटते आणि त्या दिवशी घरात कोणी नसतं.

पायरी ८: जपणूक

दख्खनच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यामुळे जाळीवर पांढरा थर येणारच. दोन-तीन महिन्यांनी जाळी काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या सत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, जुन्या दातब्रशने घासा आणि परत लावा. फरशी धुवायचं ॲसिड वापरू नका. क्रोम जातं आणि खालचं पितळ लाल पडतं. टाकी साफ केली की त्याच दिवशी सगळ्या जाळ्या काढून नळ मोकळे सोडा, कारण टाकीच्या तळाचा गाळ त्या दिवशी खाली येतो.

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी घालवतो, वर्षाला दीड हजारावर. मीरा रोडला लेखक-चित्रकार आबिद सुरती यांनी २००७ मध्ये हाच विषय हातात घेतला आणि ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ काढली. रविवारी प्लंबर सोबत घेऊन इमारतींमध्ये घरोघर जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. बहुतेक ठिकाणी एका वायसरचं काम असतं. फक्त एवढ्याशा कामाला प्लंबर यायला तयार नसतो. म्हणून सोसायटीत महिन्यातून एक दिवस प्लंबर ठरवावा आणि ज्यांचा नळ गळतो त्यांनी नाव नोंदवावं, हे सोपं पडतं.

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगतो. मार्च २०२४ च्या टंचाईत बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने मॉल, हॉटेलं, अपार्टमेंट आणि सार्वजनिक ठिकाणच्या नळांना एरेटर सक्तीचे केले, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या व्यवस्थापन समित्याही घाऊक जाळ्या मागवायचा विचार करू लागल्या आहेत. तसा ठराव आला तर एकाच मापाच्या दोनशे जाळ्या मागवू देऊ नका. आधी सर्वांत वरचा, मधला आणि सर्वांत खालचा असे तीन फ्लॅट निवडून बेसिनचं पाणी लिटरच्या मापाने मोजा. टाकीखालच्या दोन-तीन मजल्यांना फवाऱ्याची, कमी दाबावर चालणारी जाळी द्या. त्याखालच्या सगळ्यांना रबरी रिंगेची ४ किंवा ५ लिटरची द्या. पंपावर चालणाऱ्या किंवा वेगळी टाकी असलेल्या विंगची मोजणी स्वतंत्र करा. आतून आटे की बाहेरून, हे प्रत्येक फ्लॅटकडून लिहून घ्या, आणि बादलीच्या तोट्या यादीतून वगळा.